पास संपलेला, टीसीने पकडलं, पुढे काही होतं का? मदत हवी आहे
मंडळी नमस्कार, लहान भाऊ रोज नाशिकरोड ते इगतपुरी अपडाऊन करतो, महिन्याचा पास आहे, पण तो रविवारी संपला आणि साहेब सोमवारी त्याच पासवर गाडीत बसले. नेमकं इगतपुरीला उतरताना टीसीने धरलं. संपलेला पास म्हणजे विनातिकीटच, हे मान्य, चूक आमचीच. २५० रुपये दंड प्लस तिकिटाचे पैसे भरले, पावती घेतली. नियम वाचला तर रेल्वे कायद्याच्या कलम १३८ मध्ये भाड्याइतका दंड किंवा २५०, जे जास्त असेल ते, म्हणजे रक्कम बरोबरच दिसतेय.

आता खरं टेन्शन वेगळंच. तो पोलीस भरतीची तयारी करतोय आणि कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय की व्हेरिफिकेशनमध्ये हे निघणार, तेव्हापासून पोरगा नीट जेवत नाहीये! कोर्टात नेलं नाही, फक्त पावती फाडली, मग ही केस धरतात का? फॉर्ममध्ये 'गुन्हा दाखल आहे का' तिथे काय लिहायचं? कुणाला स्वतःचा अनुभव असेल तर प्लीज सांगा, आणि आईला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा ओळखीच्यांनी घरी फोन करू नका 🙏