आन्येहो टकीला: ठेवून द्यावी की उघडावी?

सातारारोड_पुणे
नमस्कार मंडळी. भाच्याने मेक्सिकोहून टकीलाच्या दोन बाटल्या आणल्यात, एक आन्येहो (म्हणजे पिंपात मुरवलेली) आणि एक एक्स्ट्रा आन्येहो (त्याहून जास्त मुरवलेली). लेक आत्ता बारावीला आहे. तिच्या लग्नात फोडू, तोवर आणखी मुरतील, असं मनात आहे. वाईनसारख्या आडव्या ठेवल्यात. बरोबर आहे ना?

मुक्काम_ग्वादालाहारा
दादा, आधी बाटल्या उभ्या करा, मग पुढचं वाचा.

वाईन आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. इथे अल्कोहोल ३८-४० टक्के, ते बूचच खातं. कामानिमित्त मी चार वर्षं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात होतो. तिथून आणलेली पहिली चांगली बाटली मीही आडवी ठेवली, तीसुद्धा खिडकीसमोरच्या शोकेसात. दोन वर्षांनी बूच फिरवलं तर वरची लाकडी टोपी हातात आली आणि खालचं बूच गळ्यातच राहिलं, दुधात कुस्करलेल्या भाकरीसारखं. मलमलच्या फडक्यातून गाळली. पण नाकाशी नेली की बुचाचाच वास.

अजून हळहळ वाटते, कारण जिच्यापासून टकीला बनते ती वनस्पती शेतात कशी वाढते ते मी पाहिलंय. निळी अगावे, म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचं भावंड. सहा-सात वर्षं उभी असते. मग हिमादोर, म्हणजे अगावे तोडणारा कामगार, ‘कोआ’ नावाच्या गोल पात्याच्या हत्याराने पानं तासून काढतो. उरलेला गड्डा म्हणजे पिन्या. पिन्या भट्टीत भाजायला घातल्या की आवारभर उकडलेल्या रताळ्याचा आणि काकवीचा वास सुटतो. पिंपात कितीही काळ राहिली तरी आन्येहोत हा वास सापडलाच पाहिजे, ही माझी कसोटी.

आणि मुरणं फक्त ओकच्या पिंपात. बाटलीत भरली की वय थांबलं. रेपोसादो (कमी मुरवलेली टकीला) किमान २ महिने, आन्येहो १ वर्ष, एक्स्ट्रा आन्येहो ३ वर्षं. शेवटच्या दोघींना पिंप ६०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. एक्स्ट्रा आन्येहो हा वर्ग तर २००६ सालचा. महाग असते, पण लाकूड फार चढलं की अगावे हरवते. माझ्या कपाटात म्हणूनच आन्येहो जास्त आहेत.

रंगावरून मात्र वय ठरवू नका. कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक हे वजनाच्या १ टक्क्यापर्यंत लेबलवर न लिहिता घालायची मुभा असते. त्यापेक्षा ‘१०० टक्के अगावे’ लिहिलंय का बघा, आणि ‘नोम’चा, म्हणजे मेक्सिकोच्या सरकारी मानकाचा, चार आकडी क्रमांक. कुठल्या कारखान्यात बनली ते त्यावरून कळतं, उदाहरणार्थ फोर्तालेसा या ब्रँडचा १४९३.

माळरान_सोलापूर
घायपाताचा विषय निघालाच आहे तर सांगते. दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून आपल्याकडेही मद्य बनतं. गोव्याच्या माया पिस्तोला या ब्रँडचं पिंपात मुरवलेलंही मिळतं. त्याला टकीला म्हणता येत नाही. ते नाव हालिस्को आणि मेक्सिकोच्या आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागापुरतंच आहे. पण आमच्याकडे ज्याचा फक्त वाख काढायचे त्याची चव कळते, याचंच मला अप्रूप. आन्येहोशेजारी ठेवून एकदा घेऊन बघा.

सातारारोड_पुणे
बाटल्या उभ्या केल्या, लाकडी कपाटात अंधारात ठेवल्या. आन्येहो रविवारी उघडतो. उरलेली किती टिकेल?

मुक्काम_ग्वादालाहारा
निम्म्याच्या खाली गेली की आतल्या हवेने वास उडायला लागतो. तेव्हा लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. पिताना मीठ-लिंबू नको. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात थोडी ओता आणि पंधरा मिनिटं तशीच राहू द्या.

लग्नाच्या बाटलीवर आजच पातळीची खूण करा, कागदी पट्टी चिकटवून. दर उन्हाळ्यानंतर बघा. खाली सरकलेली दिसली तर बूच गेलंय. मग मुहूर्ताची वाट न पाहता उघडा.