आजीच्या गिन्नीवर ढालीखाली बारीक ३१, हा काय प्रकार?

केळशीकर
आजी गेली. तिच्या पाच गिन्न्यांची वाटणी आहे. तीन माळेतल्या, कडी लावलेल्या, दोन पुरचुंडीत सुट्या. आत्या म्हणते, आटवून बांगड्या करू. दापोलीच्या सोनाराने काट्यावर टाकल्या आणि सगळ्यांना एकच भाव सांगितला.

काल रात्री भिंग घेऊन बसलो. १८७२ च्या सुट्या गिन्नीवर मागे ढाल आहे; तिच्याखाली, गुलाबाच्या जरा वर, ३१ आकडा. माळेतल्या १९१८ च्या गिन्नीवर सालाच्या बरोबर वर, घोड्याखालच्या जमिनीत, छोटी उभी रेघ. आधी ओरखडाच वाटला. बाकी तीन एडवर्ड राजाच्या. आटवण्याआधी कोणी सांगेल का, हे काय आहे? शनिवारी सोनाराकडे जायचंय.

भिंगवाला, रत्नागिरी
शनिवार पुढे ढकला!

३१ हा ठशाचा, म्हणजे नाणं पाडायच्या साच्याचा, क्रमांक. १८६३ ते १८७४ या काळात लंडनच्या टांकसाळीने ढालवाल्या गिन्न्यांच्या ठशांवर असे आकडे घातले, म्हणजे खराब नाणं निघालं की कोणत्या ठशाचं ते कळे. एकाच सालाचे कितीतरी क्रमांक आहेत. काही सहज मिळतात, काही वर्षानुवर्षं शोधून सापडत नाहीत. मी बारा वर्षं हेच जमवतोय, म्हणून खरं सांगतो, बहुतेक क्रमांकांना सोन्याच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळतं. पण आटवलं की तेही गेलं.

१९१८ ची रेघ म्हणजे इंग्रजी आय, इंडियाचा. ती गिन्नी मुंबईच्या टांकसाळीत पडली, आणि हे साल सोडून दुसऱ्या सालाची गिन्नी तिथे पडलीच नाही. जवळजवळ तेरा लाख पाडल्या, त्यामुळे दुर्मीळ नाही, पण मुंबईची तेवढीच. कडीच्या डाकाने तिची किंमत उतरते.

नकलीही पुष्कळ असतात. सुटी गिन्नी ७.९८ ग्रॅमच्या आसपास भरते का आणि व्यास २२ मिलिमीटर आहे का, ते आधी बघा. पुढे कुठे १८५९ ची दिसली तर व्हिक्टोरिया राणीच्या केसांतल्या फितीवर एक जादा रेघ आहे का पाहा. तिला 'ॲन्सेल' म्हणतात. ठिसूळ निघालेलं सोनं ॲन्सेल नावाच्या टांकसाळीतल्या माणसाने वापरात आणलं, त्याची ती खूण. ती मला अजून मिळालेली नाही.

देवगडची माहेरवाशीण
रिठ्याने धुऊ नका हो, टूथपावडर तर नकोच. माझ्या लग्नात आईने चार आटवल्या. एकीवर ढाल होती एवढंच आठवतं, साल कुणी बघितलंच नाही. अजून चुटपुट लागते.

केळशीकर
सुटी ७.९६ भरली. आत्याला सांगितलं, १८७२ ची माझ्या वाट्याला द्या, वरचं सोनं मी भरतो. तिने भिंग मागून घेतलं, १९१८ ची बराच वेळ पाहिली आणि माळेतून काढून स्वतःकडे ठेवली. तिचे आजोबा त्या साली मुंबईला गोदीत होते.