मदत हवी आहे: ओनियन स्किन चालू आहे, तरी मागचं चित्र दिसत नाही

रंगपेटी_डिचोली
घोडेमोडणीच्या नाचावर अ‍ॅनिमेशन करतेय, कॉलेजची असाइनमेंट. ओनियन स्किन (मागच्या-पुढच्या चित्राची पुसट सावली दाखवतं ते) चालू केलंय पण मागचं चित्र दिसतच नाही. यूट्यूबवर सगळ्यांना दिसतं, मलाच नाही. त्यात लॅपटॉप सारखा हँग होतोय. दोनदा इन्स्टॉल करून झालं. उद्या सकाळी द्यायचंय, लवकर सांगा कुणीतरी!!

साळावलीकर
कुठलं सॉफ्टवेअर?

म्हापशाचा_माऊस
ब्लेंडर घे. फुकट आहे. त्यातली ग्रीज पेन्सिल शिकलीस की टू-डी, थ्री-डी दोन्ही एकाच ठिकाणी.

फ्लॅशवाले_काका
आमच्या वेळी फ्लॅशमध्ये हे एका दुपारचं काम होतं. फ्लॅश प्लेअर २०२० च्या शेवटी बंद झाला, पण सॉफ्टवेअर अ‍ॅनिमेट नावानं राहिलं. पैसे पडतात, पण शिकायचं तर तेच शिकावं.

साळावलीकर
तिला उद्या सकाळी द्यायचंय आणि तुम्ही दोघं तिला रात्रीत नवं सॉफ्टवेअर शिकवताय! बाय, कुठलं ते सांग आधी.

म्हापशाचा_माऊस
उद्याचं झाल्यावर घे म्हणतोय मी. आणि काका, विद्यार्थ्यांनी दर महिन्याला पैसे का भरायचे?

रंगपेटी_डिचोली
सॉरी, वीज गेली होती. क्रिटा.

साळावलीकर
टाइमलाइनमध्ये लेअरच्या नावापुढचा ओनियन स्किनचा बल्ब पेटलाय का? लेअर किती आहेत?

रंगपेटी_डिचोली
बल्ब पेटलाय. लेअर एकच. चित्रं कागदावर काढलीत ना! २४ कागद स्कॅन करून ‘इम्पोर्ट अ‍ॅनिमेशन फ्रेम्स’ने आत घेतले.

साळावलीकर
हे आत्ता सांगतेस! अगं, काचेखाली दिवा लावला की कागदातून खालचं चित्र दिसतं. स्कॅन केलेल्या कागदातून नाही दिसत. पांढरा भागसुद्धा रंगच असतो, त्यानं मागची फ्रेम झाकली गेलीय. बल्ब बिचारा पेटून काय करणार.
आधी फाइलची कॉपी ठेव. मग लेव्हल्सने कागद पूर्ण पांढरा कर, नाहीतर करडा मळ राहील. त्यानंतर फिल्टरमध्ये ‘कलर टू अल्फा’, रंग पांढरा, म्हणजे पांढरा भाग पारदर्शक होईल. हे दर फ्रेमवर जाऊन करावं लागेल. कंट्रोल एफने शेवटचा फिल्टर परत लागतो, म्हणून आधी चोवीसही फ्रेमना लेव्हल्स, मग दुसऱ्या फेरीत अल्फा.
रंग भरलेयस का? फिकट रंग विरळ होतील.

रंगपेटी_डिचोली
नाही, नुसती पेन्सिल.

पुस्तकातली_वाळवी
घोडा आहे म्हणून सांगते, मायब्रिज या फोटोग्राफरचे धावत्या घोड्याचे १८७८ चे फोटो बघ. चारही पाय हवेत असतात तेव्हा ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकार वर्षानुवर्षं उलटं काढत आले.

सत्तरीचो_गडी
ताई, घोडेमोडणी बघितलीय का कधी? घोडा लाकडी, नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला. खाली पाय माणसाचेच! ढोल-ताशावर पावलं पडतात, ती धर. तलवारीचा हात पावलाच्या किंचित मागून येऊ दे.

पुस्तकातली_वाळवी
बघितलीय हो. सर्वसाधारण माहिती दिली.

फ्लॅशवाले_काका
स्कॅन किती डीपीआय?

रंगपेटी_डिचोली
३००, ए-फोर.

फ्लॅशवाले_काका
मग हँग होणारच. ३५०८ बाय २४८० पिक्सेल, म्हणजे एक फ्रेम मेमरीत साधारण ३५ एमबी. चोवीसांचे आठशेच्या वर. सगळ्यात आधी १९२० रुंदीवर आण, फिल्टर नंतर. आणि २४ एफपीएसवर (सेकंदाला २४ फ्रेम) एक चित्र दोन फ्रेम धर, २४ कागदांत दोन सेकंद निघतील.

साळावलीकर
काका, हे पहिल्याच पोस्टला लिहिलं असतं तर!

रंगपेटी_डिचोली
दिसलं!!! मागची लाल, पुढची हिरवी, दोन्ही सावल्या आल्या. देव बरें करूं. पण आता कळतंय, सातव्या कागदावर घोड्याला शेपूटच काढलेली नाहीय.

म्हापशाचा_माऊस
ब्लेंडरमध्ये...

साळावलीकर
झोप जा रे.