केळीच्या बागेत क्षेत्रफळ शिकवलं, पालक म्हणतात अभ्यास बुडाला

यावलकडचा शिक्षक
मी मूळचा साताऱ्याचा, यावल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवतो. शाळेच्या कुंपणाला लागूनच केळी आहे. क्षेत्रफळाचं सूत्र पोरांना पाठ, पण चौरस फूट म्हणजे काय विचारलं की गप्प. म्हणून टेप घेऊन शेजारच्या बागेत नेलं. दुसऱ्या दिवशी दोन पालक दारात: "केळी आम्ही दाखवू, तुम्ही पुस्तक शिकवा." त्यांना चूक म्हणवत नाही, पोरं त्या दिवशी नुसती हुंदडली. तुम्ही कसं करता?

साक्रीचे निवृत्त गुरुजी
सर, नेणं सोडू नका. माझी नोकरी पांझरेकाठी गेली. पहिल्या वर्षी अख्खा वर्ग बंधाऱ्यावर नेला, परत आल्यावर निबंध लिहून घेतला. सगळ्यांचा निबंध एकसारखा! पुढच्या वर्षी एकच प्रश्न घेऊन गेलो: एका फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या जमिनीच्या एका पट्ट्यात, सगळे एकच पीक का घेतात? आमच्याकडची फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी, पण पोरांना तो रोजचा रस्ता. "पाटकरी बाबाले इचारा," एवढंच सांगितलं. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीनं सोडणारा माणूस. बाबा म्हणाले, ऊस आणि बाजरी शेजारी लावली तर पाण्याची पाळी कोणाच्या पिकाची धरू? मग एका मुलीनं विचारलं, ज्याच्या फडात ऊस नाही त्याचं काय? तेव्हा कळलं की बहुतेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत आहेत आणि पिकं फडाफडांतून फिरतात. नागरिकशास्त्राचा तास तिथेच पाटावर झाला. परतल्यावर प्रत्येकानं नकाशा काढला, कुणाचा कुणासारखा नव्हता.

तुमचा प्रश्न तयारच आहे: एकरात खोडं किती बसतात? एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. लागवड पाच बाय पाचवर असेल तर एका खोडाला 25. आधी वर्गात उत्तर काढून घ्या, मग बागेत जा. आणि ज्या पालकानं तक्रार केली त्याचीच बाग मागा.

चोपड्याची शिक्षिका
पालकांना गणवेशाचंही विचारा. केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही, आमच्याकडे निम्मी नाराजी त्याचीच होती. आता जुने कपडे घालून बोलावते. फवारणी झालेल्या बागेत मात्र नेऊ नका. आणि शब्द पोरांचेच राहू द्या. ती 'वावर' म्हणाली तर 'शेत' म्हणा असं टोकू नका, तोंड मिटतं त्यांचं.

यावलकडचा शिक्षक
गुरुजी, ताई, काल गेलो. त्याच पालकांच्या बागेत. वर्गात उत्तर आलं होतं 1,742. ते ऐकून दादा हसले, "एवढी कुठून बसतील? बांध सोडला का तुम्ही? पाइपाची वाट?" पोरांनी टेप घेऊन बांध मोजायला घेतला. सुट्टीची घंटा झाली तरी दादांचाच मुलगा टेपचं टोक सोडेना. वाट मोजायची राहिली आहे, सोमवारी दादांनी स्वतःच बोलावलंय.