आकाशात दिसलेला 'तो' दिवा: तुमचाही अनुभव लिहा

वर्तकनगरकर
काल संध्याकाळी सातच्या सुमारास सोसायटीच्या गच्चीवर पोरांचा एकच गलका. बघतो तर पश्चिमेकडून माळेसारखे दिवे सरळ रेषेत निघालेले, पंधरा-वीस तरी असतील, आवाज शून्य. पाच मिनिटांत व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. ड्रोन आहेत, चीनचे आहेत, १०० नंबरला लावा. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलीने सांगितलं, स्टारलिंकचे उपग्रह आहेत, एकाच रॉकेटातून सोडलेले, थोडे दिवस असे एकामागोमाग दिसतात मग पांगतात. मे २०१९ मध्ये पहिले ६० सोडले तेव्हापासून हे चालूच आहे म्हणे. ग्रुप गप्प.

पण मला रात्री झोप लागेना. कारण असलीच माळ मी १९८४ साली पाहिली होती, आणि तेव्हा कुठला आलाय स्टारलिंक.

वर्तकनगरची म्हाडाची बिल्डिंग, उकाड्यामुळे आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. जूनचा पहिला आठवडा असावा, कारण आदल्याच रात्री पाऊस आला होता आणि गाद्या घेऊन पळापळ झाली होती. मध्यरात्री चुलतभावाने हलवून उठवलं. समोर येऊरचा डोंगर काळाकुट्ट आणि त्याच्या मध्यावर सहा-सात पिवळे दिवे हळूहळू सरकताहेत. मधेच एखादा विझायचा, थोडा पुढे जाऊन परत पेटायचा. आजी मालवणकडची, तिकडे वेताळाला वेतोबा म्हणतात. ती उठून बसली, बघितलं आणि म्हणाली, "वेतोबाची पालखी चलली हा. हात जोडा नि गप निजा." आम्ही चौघं एका चादरीत. सकाळपर्यंत कोणी लघवीला उठलं नाही.

ते काय होतं आजतागायत कळलेलं नाही. तुम्हाला असं काही दिसलंय? मागून उलगडा झाला असेल तर तोही लिहा.

खारघरची मी
ऑक्टोबर २०२०, लेक चार महिन्यांची, पहाटे साडेचारला रोज भोंगा. तिला खांद्यावर घेऊन बाल्कनीत फेऱ्या. तळोज्याच्या बाजूला इमारतींच्या वर एक झगझगीत दिवा. मी डावीकडे चालले की तो डावीकडे, उजवीकडे की उजवीकडे. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी नवऱ्याला उठवलं, कोणीतरी ड्रोनने आपल्या घरात बघतंय. तो चष्मा न लावताच म्हणाला, "शुक्र आहे तो", आणि परत झोपला. राग आला पण खरंच शुक्र होता. कुकर झाला, आलेच.

कळव्याचा पक्या
मुलीचं नाव शुक्रा ठेवलं का मग 😄

खारघरची मी
नाही, पण ती अजूनही पहाटेच उठते 😭

नौपाडा १९६१
तुम्हा मुलांना स्कायलॅब काय माहीत. ११ जुलै १९७९. अमेरिकेची ७७ टनांची अंतराळातली प्रयोगशाळा पडणार, कुठे पडणार कोणालाच ठाऊक नाही. मी तेव्हा अठरा वर्षांचा. आमच्या चाळीत आठवडाभर तेच. एका काकांनी सगळ्या पुऱ्या-श्रीखंडाची हौस भागवून घेतली, मेलो तर पोटभर खाऊन मेलो. त्या रात्री आम्ही मुलं गॅलरीत टक लावून उभे. जुलैचा पाऊस, आभाळ भरलेलं, दिसणार काय कप्पाळ! तरी ढगाआडून सांताक्रूझच्या विमानाचा दिवा चमकला आणि एका शेजारीणबाईंनी जो टाहो फोडला... दुसऱ्या दिवशी पेपरात, हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकडे पडले. काकांचं पोट मात्र पुढे चार दिवस बिघडलेलं होतं.

उलव्यातून
आमच्याकडे ताजं प्रकरण. सासूबाई गावाहून आल्यात, संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की खिडकीत जाऊन एका ठळक ताऱ्याला नमस्कार करायच्या. मीही बघितलं नव्हतं कधी, म्हटलं असेल एखादा ग्रह. परवा त्या ताऱ्याला चाकं फुटली. नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाल्यापासून विमान थेट आमच्या दिशेने उतरायला लागलं की त्याचा पुढचा दिवा एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. सरळ समोरून येतंय ना, बाजूला सरकतच नाही, नुसता मोठा होत जातो. मग वळलं की बाजूचे लाल-हिरवे दिवे दिसतात. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, आत माणसंच आहेत ना, त्यांनाही नमस्कार पोचला असेल.

नेरूळ सेक्टर
@उलव्यातून वन बीएचकेला भाडं किती चाललंय तिकडे? भावासाठी बघतोय

उलव्यातून
विचारू नका. ताऱ्यांना चाकं फुटली तशी भाड्याला पंख फुटलेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

दुर्बीणवाला ऐरोली
साधी खूण सांगतो. लुकलुक करत नाही, लाल-हिरवं नाही, आवाज नाही आणि एकाच वेगाने चाललंय म्हणजे उपग्रह. सगळ्यात ठळक अंतराळ स्थानक, साधारण ४०० किमी वर, दीड तासात पृथ्वीची फेरी.

घणसोली गृहिणी
@दुर्बीणवाला पण मी पाहिलेलं मधेच गायब झालं हो! डोक्यावर आलं आणि विझलं. मी पोळ्या तव्यावर टाकून देवाचं नाव घेत होते

दुर्बीणवाला ऐरोली
विझलं नाही ताई, सावलीत गेलं. त्याला स्वतःचा दिवा नसतो, ऊन पडतं म्हणून चमकतो. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तिथे वर ऊन असतंच. पुढे जाऊन पृथ्वीच्या सावलीत शिरला की खटकन दिसेनासा. म्हणून तर हे सगळं संध्याकाळी नाहीतर पहाटेच दिसतं, सहसा मध्यरात्री नाही. पोळ्या करपल्या का?

घणसोली गृहिणी
दोन. सासऱ्यांना कडकच आवडतात, खपल्या 😀

घोडबंदर त्रस्त
आमच्याकडे ढगांवर गोल गोल फिरणारे पांढरे ठिपके. यूएफओ वगैरे काही नाही, लग्नाच्या लॉनवरचे शार्पी, म्हणजे आकाशात झोत सोडणारे फिरते दिवे. ढग खाली असले की पडद्यासारखे त्यावर उमटतात. साडेअकरापर्यंत डीजेसुद्धा असतो त्यामुळे रहस्य टिकत नाही.

सासर चंद्रपूर
२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मी वाशीत श्रीखंड खात होते आणि नणंदेचा व्हिडिओ कॉल, "वहिनी बघ बघ बघ". आकाशात जळत जाणारे तुकडे, शेपट्या सोडत, इतके सावकाश की तिने फोन आतून आणून कॉल लावेपर्यंत चालूच. उल्का अशी थांबत नाही, डोळा लवेपर्यंत संपते. नंतर कळलं चिनी रॉकेटचे अवशेष. सिंदेवाहीजवळ लाडबोरीला तर धातूची मोठी कडी पडली, माणसाच्या उंचीहून मोठी. नणंद अजून ऐकवते, तुमच्या नवी मुंबईत काय दिसतं? धूर.

कळव्याचा पक्या
धूर नाही हो, धुकं म्हणायचं, फ्लॅटचे भाव पडतात

बाळकुमचा
@वर्तकनगरकर दादा, तुम्ही लिवलंय आदल्या राती पाऊस झालता. तिथंच उत्तर हाय. पयला पाऊस पडला का मुठे, म्हंजे ओढ्यातले खेकडे, बिळातनं बाहेर येतान. आमचे बाबा न काका येऊरच्या ओढ्याला जायाचे, मी पन गेलोय दोन-तीनदा. हातात गॅसबत्ती, नायतर सायकलच्या टायरचा तुकडा काठीला बांधून पेटवायचा. उजेड डोल्यावर पडला का मुठा जागच्या जागी थांबतो, मग पाठीवरनं बोट दाबून उचलायचा नि गोणीत. नांगी लागली तर रगात. सहा-सात जन रांगेनं, झाडामागं गेला का दिवा दिसत नाय, पुढं निंगाला का परत दिसतो. लांबून बघनाऱ्याला पालखीच वाटल.

नौपाडा १९६१
वा! म्हणजे वेताळ मुठे खायचा.

वर्तकनगरकर
@बाळकुमचा अहो थांबा. आत्ता चुलतभावाला फोन केला, तो पुण्यात असतो. मी "मुठे" म्हटलं आणि तो एकदम ओरडला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊरची एक बाई डोक्यावर पाटी घेऊन दारावर आली होती. पाटीत पानांखाली मुठे, नांग्या दोऱ्याने बांधलेल्या, तरी खुडबुड चाललेली. आणि आजीने त्या बाईशी चांगली पाऊण तास घासाघीस केली होती! चार आण्यांवरून दोघींचं जोरदार वाजलं, शेवटी बाई दोन मुठे वर टाकून गेली. रात्री ज्यांना हात जोडले त्यांच्याचकडून सकाळी दोन जास्तीचे काढले म्हातारीने.

खारघरची मी
😂😂😂 आजी ग्रेट

घणसोली गृहिणी
आमच्याकडे पाऊस सुरू झाला की मिळतात बाजारात, पण साफ करायला नको वाटतं. मुठ्यांच्या रश्श्यात तुम्ही कोकम घालता की चिंच?

वर्तकनगरकर
आजी कोकम घालायची. आई चिंच. त्यावरून घरात वेगळा धागा निघेल.

बाळकुमचा
चिंच. पन नांग्या ठेचून त्यांचं पानी रश्श्यात गालायचं, त्याच्याबिगर मजा नाय.