‘मोठे घर’ ग्रुप : आजीला आरेत कधी न्यायचे?

मोठेबाबा: काल रात्री ताईने ग्रुपवर टाकलेले मुंबईच्या प्रवासाचे वेळापत्रक मी दोनदा वाचले. बारशाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 वाजता आजीला आणि चार लहान मुलांना घेऊन आरे वसाहतीत फिरायला जायचे, असे त्यात लिहिले आहे. सिंदेवाहीच्या जंगलाला लागून आयुष्य काढलेल्या घरात असा बेत ठरलाच कसा, हे मला समजत नाही. तिथे बिबटे आहेत. दिवस मावळण्याआधी सर्वांनी घरी परतलेच पाहिजे.

गोरेगावची ताई: मोठेबाबा, नमस्कार. ऊन उतरावे म्हणून मी संध्याकाळची वेळ ठेवली होती. मागच्या खेपेला आजी आमच्याकडे आठ दिवस राहिली आणि आठही दिवस तिचे पाय मातीला लागले नाहीत, असे गावात बोलले गेले. ते माझ्या कानावर आले आहे. म्हणून या वेळी तिला झाडे, गोठे, म्हशी दिसतील अशा ठिकाणी न्यावे, एवढाच माझा हेतू होता.

धाकटे काका: गावात नेमके कोण बोलले, तेही सांगितले असते तर बरे झाले असते.

गोरेगावची ताई: काका, तो विषय राहू द्या. बारशाला सगळे हसतमुखाने या.

नागभीडचे भाऊजी: ज्यांनी आरे पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईतले तबेले भर वस्तीतून हलवावेत आणि शहराला चांगले दूध मिळावे, म्हणून 1949 मध्ये ही दूध वसाहत स्थापन झाली, आणि 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ज्या दारा खुरोडींनी ती उभी केली, त्यांना 1963 मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे शहर चारही अंगांनी वाढले, पण गोठे, कुरणे आणि झाडी मधे राहून गेली. मेट्रोच्या कारशेडसाठी 2019 मध्ये एका रात्रीत झाडे तोडायला सुरुवात झाली आणि दोन हजारांहून अधिक झाडे गेली, ते आपण टीव्हीवर पाहिले होते.

मोठेबाबा: माहिती उत्तम आहे. दिवस मावळण्याआधी परतायचे, हे मात्र पक्के करा.

धाकटे काका: तिथल्या म्हशी कोणत्या जातीच्या आहेत? आपल्या नागपुरी म्हशीची लांब, तलवारीसारखी मागे गेलेली शिंगे तिथे दिसणार नसतील, तर आजी विचारल्याशिवाय राहणार नाही.

गोरेगावचे जावई: काका, मी पाहिलेल्या बहुतेक म्हशी मुऱ्हा आहेत, शिंगे जिलेबीसारखी वळलेली असतात. मोठेबाबा, मी रोज रात्री आठला आरेच्या रस्त्याने मोटारसायकलवर घरी येतो आणि आजवर काही झालेले नाही, म्हणून आपण इतकी काळजी करू नये, ही विनंती.

मूलचे मामा: जावईबापू, राग मानू नका, पण ‘आजवर काही झालेले नाही’ हे वाक्य आमच्याकडे मोहफुले वेचायला गेलेल्या बाईच्या घरीही आदल्या दिवशी बोलले गेलेले असते. उभ्या माणसाला जनावर सहसा टाळते. खाली वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसाचा आकार त्याला भक्ष्यासारखा दिसतो, आणि लहान मूल तर उभे असले तरी तेवढेच असते. 2022 च्या दिवाळीत आरेतच पहाटे एका चिमुकल्या मुलीचा बिबट्याने जीव घेतला. शेजारी सुमारे 104 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि वस्तीच्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात. बिबट्या त्यांच्या मागे येतो.

मोठेबाबा: मामांनी योग्य तेच सांगितले. दिवस मावळण्याआधी.

गोरेगावची ताई: मान्य आहे, मोठेबाबा. तुम्ही हे तीनदा लिहिले आहे आणि मी तिन्ही वेळा वाचले आहे.

नागभीडची आत्या: माझे एक म्हणणे आहे. आरेत वारली लोकांचे पाडे आहेत आणि ते वसाहतीच्या आधीपासून तिथे राहतात. ताईच्या वेळापत्रकात ‘पाडा पाहणे, फोटो’ असे लिहिले आहे, ते मला खटकले. ताडोब्याला जाणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्याला थांबतात आणि मी अंगणात शेण सारवत असताना न विचारता माझा फोटो काढतात, तेव्हा मला कसे वाटते, हे या घरात सर्वांना माहीत आहे. पाड्यावर जायचे असेल, तर ओळखीच्या माणसाकडून आधी निरोप द्यावा, एखाद्या घरी बसावे, पाणी घ्यावे. तेही वाघोबा पुजतात आणि आपल्याही शिवेवर वाघोबाचा दगड आहे. आजीला त्यांच्याशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

गोरेगावची ताई: आत्या, तुमचे बरोबर आहे, माझ्या ते लक्षात आले नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आरेतल्याच पाड्यावर राहतात. त्यांना आज विचारते आणि ‘फोटो’ हा शब्द काढून टाकते.

वहिनी: आजी माझ्या शेजारी बसली आहे, तिला सगळे वाचून दाखवले. ती म्हणते, बिबट्याचे मला सांगू नका, तिथला गोठेवाला म्हशीला हात लावू देईल का, ते विचारा.

गोरेगावची ताई: सुधारित वेळ: सकाळी 8 वाजता निघायचे आणि 12 वाजता घरी जेवायला परतायचे. मुले मोठ्यांचा हात सोडणार नाहीत. गोठेवाल्याला हे रविवारी जाऊन विचारून येतात.

मोठेबाबा: ठीक आहे. आजीची काठी माझ्या पिशवीत ठेवतो.