मदत हवी आहे: पीएस फाइव्हला १ टीबी पुरेल, की दुकानदार म्हणतो तशी जादा एसएसडी घ्यावी?

कोकणातली_सई

चिरंजीवांना दहावीत ठरल्याएवढे टक्के पडले, त्यामुळे आता कबूल केलेला पीएस फाइव्ह, म्हणजे टीव्हीला लावायचं गेमचं मशीन, घेणं आलं. आम्ही चिपळूणला असतो, घ्यायला कोल्हापूरला जाणार. मॉडेल ठरलंय, स्लिम, १ टीबीचं. अडलंय ते स्टोरेजपाशी, म्हणजे गेम साठवायच्या जागेपाशी.

फोनवर दुकानदार म्हणाला, "मॅडम, १ टीबी दोन महिन्यांत भरतं. आत्ताच एसएसडी बसवून न्या. नंतर तुम्ही उघडलंत तर वॉरंटी जाईल." एसएसडीची, म्हणजे मशीनच्या आत बसवायच्या त्या वेगवान साठवणीची, किंमत ऐकून मी फोन ठेवला.

पोराने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केलीय, कोणता गेम किती जीबी खातो त्याची. कॉल ऑफ ड्यूटी १८०, ग्रॅन टुरिस्मो सेव्हन ११०, स्पायडरमॅन टू १००, जीटीए फाइव्ह ९०, रॅगनारॉक ९०, एफसी ५५. खाली दोन रेघा मारून बेरीज ६२५, आणि शेजारी चौकटीत "आई, तरी २१७ उरतात". बेरीज-वजाबाकी इतकी नेटकी त्याने परीक्षेतही केली नसेल.

माझे प्रश्न:
१) १ टीबी म्हणजे १००० जीबी, मग त्या डब्यात पोराने ८४२ च का धरले? बाकीचे कुठे गेले?
२) खरंच दोन महिन्यांत भरतं का?
३) ह्यांची २ टीबीची जुनी यूएसबी हार्ड डिस्क कपाटात पडून आहे. ती लावून भागेल का?

घरी नेट ४० एमबीपीएसचं, आणि पावसात ते दोन-दोन दिवस गुल असतं, हेही लक्षात घ्या.

अर्धवट_इंजिनियर

१) सोप्पं आहे. कंपन्या १००० ने मोजतात, कॉम्प्युटर १०२४ ने. त्यात जातात.

घड्याळजी

नाही हो इंजिनियर. त्या हिशोबाने १ टीबीचे ९३१ दिसले असते, ८४२ नाही. शिवाय जुना पीएस फाइव्ह ८२५ चा होता, त्यात ६६७ मिळतात. दोन्हीकडे वजाबाकी करून बघा, १५८ च येते. म्हणजे डबा लहान असो की मोठा, तेवढी जागा मशीन स्वतःसाठी अडवून ठेवतं. फ्लॅटच्या कार्पेट एरियासारखं समजा.

पोराचं गणित बरोबर आहे. फक्त ते २१७ त्याचे नाहीत. गेमचे अपडेट येतात, यादीतले आकडे वर्षभरात फुगतात, आणि अपडेट उतरवायलाही थोडी मोकळी जागा लागते. शंभरेक जीबी कायम रिकामे असू द्या.

रात्रपाळी

सईताई, माझ्याकडे २०२१ पासून तो जुना ८२५ वाला आहे. म्हणजे तुमच्यापेक्षा पावणेदोनशे जीबी कमी. भरतो का? भरतो. पण दुकानदार सांगतो तसा बाऊ नाही.

यादीतले गेम दोन जातींचे आहेत. कॉल ऑफ ड्यूटी आणि एफसी हे भाडेकरू. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे, संपत नाहीत, जागा सोडत नाहीत. जीटीए आणि ग्रॅन टुरिस्मो कदाचित तेच. स्पायडरमॅन आणि रॅगनारॉक हे पाहुणे. गोष्ट आहे, ती संपते, पाहुणा घरी जातो. गेम डिलीट केला तरी सेव्ह (कुठवर खेळलो त्याची नोंद) राहतं, त्यामुळे पुढच्या दिवाळीत पुन्हा टाकला तर खेळ तिथूनच सुरू. हे पोराला आधी सांगा, नाहीतर "डिलीट" म्हटलं की रडारड होते. माझ्या भाच्याने सेव्ह जाईल म्हणून आठ महिने एकही गेम काढला नव्हता.

खरा मुद्दा तुमचं नेट. मी ३०० च्या लाइनवर १०० जीबी पाऊण तासात उतरवतो, म्हणून बिनधास्त उडवतो. ४० वर तेच काम, लाइन एकदाही न अडखळता, साडेपाच तासांचं. म्हणजे रात्र गेली. नेट जितकं हळू तितकी जागा जास्त लागते, कारण एकदा काढलेलं परत आणणं जिवावर येतं.

म्हणून जादा एसएसडीच्या आधी डिस्क ड्राइव्हवालं मॉडेल घ्या. डिजिटल (डिस्क न घेणारं) घेऊ नका. डिस्कवरून गेम टाकला की बहुतेक डेटा डिस्कवरून येतो, नेटवरून फक्त अपडेट (काही डिस्कांवर अर्धाच गेम असतो, घेताना चौकशी करा). खेळून झालं की डिस्क विकता येते. मात्र डिस्क असली म्हणून जागा वाचत नाही, गेम आत पूर्ण उतरतोच. डिस्क फक्त किल्लीसारखी घालून ठेवायची.

भिंगरी

३) हार्ड डिस्क म्हणजे माळा, आतली एसएसडी म्हणजे ओटा. पीएस फाइव्हचे गेम माळ्यावर ठेवता येतात, पण माळ्यावर स्वयंपाक होत नाही. खेळायचं तर आधी खाली उतरवायचं. जुन्या हार्ड डिस्कवरून १०० जीबी उतरायला वीस मिनिटं ते अर्धा तास. तुमच्या साडेपाच तासांपुढे हे काहीच नाही, आणि पाऊस असला तरी चालतं! पीएस फोरचे जुने गेम मात्र थेट माळ्यावरून चालतात.

हार्ड डिस्क २५० जीबी ते ८ टीबीमधली आणि यूएसबी ३ ची हवी. हबमध्ये (एकाचे अनेक यूएसबी करणाऱ्या डबीत) न घालता थेट मशीनला लावायची.

कोकणातली_सई

माळा-ओटा एका झटक्यात कळलं! रात्रपाळी, भाडेकरू-पाहुणे वाचून दाखवलं तर चिरंजीव म्हणाले, "मग कॉल ऑफ ड्यूटीचा पागडीचा फ्लॅट आहे."

दुकानदाराकडून एसएसडीच्या खोक्याचा फोटो मागवला. त्यावर १ टीबी, एनव्हीएमई, जेन ३, ३५०० एमबी/सेकंद असं लिहिलंय. चालेल का?

घड्याळजी

घेऊ नका!! पीएस फाइव्हला जेन ४, म्हणजे चौथ्या पिढीची एसएसडी लागते, कंपनीची शिफारस ५५०० किंवा जास्त वेगाची आहे. वर हीटसिंक (उष्णता शोषणारी धातूची पट्टी) हवा, आणि हीटसिंक धरून उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत, नाहीतर झाकण बसत नाही. हा गृहस्थ बहुधा लॅपटॉपचा उरलेला माल तुमच्या गळ्यात मारतोय.

वॉरंटीचंही तसंच. एसएसडीची ती जागा गिऱ्हाइकानेच वापरावी म्हणून ठेवलीय, बसवायची कृती कंपनीच्या साइटवर आहे. बाजूचं कव्हर ओढून काढा, एक स्क्रू सोडवून पत्र्याचं झाकण काढा, एसएसडी खोबणीत तिरकी घालून आडवी करा, स्क्रू लावा. मी पंधरा मिनिटांत केलं, त्यातली दहा खाली पडलेला स्क्रू शोधण्यात गेली. जमिनीवर पांढरी चादर अंथरून बसा.

सांगायचं एवढंच, की हे काम केव्हाही करता येतं. आज पैसे घालू नका. सहा महिन्यांनी खरंच अडलं तर बघा.

अर्धवट_इंजिनियर

+१. आणि १०२४ बद्दल माघार.
एक भर: गेममध्ये ट्रॉफी (टप्पा गाठल्याचं बक्षीस) मिळाली की मशीन आपोआप व्हिडिओ करून ठेवतं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. माझ्याकडे बघता बघता कितीतरी जागा त्यानेच खाल्ली होती. कॉल ऑफ ड्यूटीत कथेचा भाग वेगळा काढता येतो, तो खेळून झाल्यावर उडवला तर पागडी थोडी कमी होईल.

कोकणातली_सई

ठरलं. डिस्कवालं स्लिम, एसएसडी नाही, माळ्याला जुनी हार्ड डिस्क. स्पायडरमॅन आणि रॅगनारॉक डिस्कवर घेऊ, जुन्या मिळाल्या तर जुन्याच.

आता शेवटचं. मशीनला लावल्यावर हार्ड डिस्क फॉरमॅट करायला सांगतं असं पोराने कुठेतरी वाचलंय. त्यात आमच्या लग्नाचे फोटो आणि धाकटीच्या बारशाचा व्हिडिओ आहे. ते एका फोल्डरमध्ये बाजूला ठेवले तर राहतील ना?

भिंगरी

नाही राहणार!!! फॉरमॅट म्हणजे डिस्क पूर्ण कोरी. फोल्डर केलात तरी जाणार. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, उघडतंय का बघा, मगच लावा. आणि त्यानंतर ती डिस्क फक्त गेमची, कॉम्प्युटरला लावून त्यात फोटो टाकायचे नाहीत.

कोकणातली_सई

बापरे. मशीन यायच्या आधी "तयारी" म्हणून लेक आत्ता लॅपटॉपला डिस्क लावून बसला होता, स्क्रीनवर फॉरमॅटची चौकट उघडलेली. ओरडले तेव्हा हात मागे घेतला. डिस्क आता माझ्या साड्यांच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही.